आरपार आणि गप्प

१

तुकडा मेलाय की नुसता गप्प आहे, यावरून सकाळी दहा वाजता सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत चांगलीच जुंपली होती. तुकडा जेमतेम नखाएवढा. तीन तासांपूर्वी तो एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मेंदूत होता.

भांडण सोडवायला बाईंना बोलावणं गेलं. बाई या रुग्णालयाच्या जुन्या पॅथॉलॉजिस्ट. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, गुडघा कुरकुरत होता, तरी आठवड्यातून दोनदा काठी टेकत यायच्या आणि जुन्या काचपट्ट्या बघत बसायच्या. निम्मे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे अख्ख्या इमारतीच्या त्या बाईच.

दारातूनच त्या म्हणाल्या, "एकेकानं बोला. मला कान दोन असले तरी डोकं एकच आहे."

प्रयोगशाळेचे प्रमुख पुढे झाले. साठीचे, उंचेपुरे. त्यांना सगळे थोरले म्हणत आणि त्यांच्या हाताखालच्या संशोधक मुलीला धाकटी.

"बाई, सरळ गोष्ट आहे," थोरले म्हणाले. "तुकडा काचेसारखा आरपार झालाय. पार तळापर्यंत दिसतंय. एकही पेशी पेटत नाहीये. म्हणजे कड शांत आहे. रोग तिथवर पोचलेला नाही. सर्जनला तसं कळवू या, पोरगी सुटेल."

"शांत नाही, मेलाय तो," धाकटी म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "शांत पेशीसुद्धा अधूनमधून लुकलुकते, बाई. झोपलेलं माणूस कूस बदलतं ना, तसं. इथे तासाभरात एकदाही काही हललं नाही."

बाई डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मेंदू मुळात दुधासारखा. उजेड आत शिरला की दहा दिशांना फुटतो आणि वरच्या पापुद्र्याखालचं काही दिसत नाही. तेल सांडलेला कागद जसा आरपार होतो, तसं या लोकांनी जिवंत मेंदूच्या बाबतीत साधलं होतं. धाकटीनं बनवलेल्या पाण्यात तुकडा तासभर ठेवला की तो पारदर्शक व्हायचा, तरीही जिवंत राहायचा. आधी भरलेल्या रंगामुळे त्यातली प्रत्येक पेशी काम करताना हिरवी चमकायची. आज मात्र बाईंना दिसलं ते विझलेलं गाव. घरं जागच्या जागी, एकाही खिडकीत दिवा नाही. घरंही कशी, अंग चोरून उभी असल्यासारखी.

मुलीला पाच वर्षांपासून फिट येत होत्या. हल्ली झोपेतही यायला लागल्या होत्या आणि श्वास अडकायचा. सर्जननं पहाटे रोगट भाग काढला होता. कड शांत निघाली तर प्रश्न मिटला. पेटती निघाली तर दोन दिवसांनी पुन्हा डोकं उघडायचं, आणि तिथून पुढचा भाग बोलण्याचा होता.

"सगळा तुकडा एकदम घातलास?" बाईंनी विचारलं.

"नाही. मागे एकदा दुधानं तोंड पोळलंय, म्हणून सकाळीच दोन भाग केले. बोलण्याकडची बाजू आधी घेतली, तीच महत्त्वाची. दुसरा अर्धा बर्फावर, मिठाच्या पाण्यात आहे. ऑक्सिजन चालू आहे. संध्याकाळी सहापर्यंत टिकेल."

थोरल्यांनी कागद पुढे केला. "तुमची सही लागेल, बाई. दुसरं मत म्हणून."

बाईंनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

"आधी बाटली दाखवा," त्या म्हणाल्या.

२

शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीवर धाकटीच्या अक्षरात काल संध्याकाळची वेळ आणि एक आकडा होता. उजेड त्या पाण्यातून जाताना किती वाकतो, त्याचा आकडा. तो मेंदूतल्या पेशींशी जुळला तरच तुकडा आरपार होतो.

"यात काय घालतेस?"

"प्रथिन, बाई. अंड्याच्या पांढऱ्यातलं असतं तसलंच. त्याचे कण मोठे असतात. उजेड हवा तेवढा वाकतो, पण कण थोडे असल्यामुळे पेशीतलं पाणी ओढलं जात नाही. थोरल्यांच्या जुन्या कृतीत साखर होती. तिनंही तुकडा आरपार व्हायचा, पण पेशी सुकून मरायच्या. फळांच्या फोडींवर साखर भुरभुरली की कसं पाणी सुटतं, तसं."

जुनी कृती म्हटल्यावर थोरल्यांनी तोंड फिरवलं.

बाईंचं लक्ष टेबलाच्या कडेकडे गेलं होतं. सकाळी बाटली तिरपी करताना तिथे दोन थेंब ओघळले असावेत. त्या दोन थेंबांभोवती मुंग्यांनी फेर धरला होता, आणि भिंतीच्या फटीतून मागून आणखी वऱ्हाड येत होतं.

"प्रथिनाला मुंग्या लागतात वाटतं तुमच्याकडे?" बाई म्हणाल्या.

बाईंनी काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं, तोंडावर अंगठा दाबला आणि जोरात हलवलं. अंड्याचा पांढरा फेटला की फेस उभा राहतो. इथे चार बुडबुडे आले आणि लगेच फुटले. मग त्यांनी नळी ज्योतीवर धरली. प्रथिन असतं तर पांढरं गोठलं असतं. हे उकळलं, तरी तसंच नितळ. शेवटी त्यांनी एक थेंब दोन बोटांत घेतला. बोटं चिकटली.

"चाळीस वर्षं पोरांना ओरडत आले, की प्रयोगशाळेत काही चाटू नका. मुंग्यांनी माझी अब्रू वाचवली," त्या म्हणाल्या. हसलं मात्र कुणीच नाही. "ही साखर आहे. पोरी, तुझं म्हणणं खरं. तुकडा मेलाय."

धाकटीनं बाटली उचलून लेबल पुन्हा वाचलं. "पण मी स्वतः प्रथिन विरघळवलं होतं. फेस नको म्हणून तीन तास हात न लावता ठेवलं. सहाला झाकण लावून घरी गेले."

बाईंनी उजेडाचं वाकणं मोजायची छोटी नळी मागवली, थेंब घातला आणि खिडकीकडे धरून पाहिलं. आकडा लेबलवरच्या आकड्याशी जुळत होता. शेवटच्या दशांशापर्यंत.

चुकून साखरेची बाटली हाती लागली असती, तर आकडा असा तंतोतंत आला नसता. कुणीतरी बसून, मोजून, पुन्हा पुन्हा तपासून हे पाणी बनवलं होतं. तुकडा नासवायचा असता तर नळाचं पाणीही चाललं असतं. या माणसाला तुकडा आरपार हवा होता. आरपार आणि गप्प.

३

थोरल्यांच्या खोलीत भिंतभर जुनी छायाचित्रं होती. साखरेच्या कृतीनं त्यांना नाव मिळवून दिलं होतं, आणि एका धाकट्या मुलीनं ते दोन वर्षांत अडगळीत टाकलं होतं.

"तुमचा संशय माझ्यावर आहे," ते म्हणाले.

"आहे. साखर तुमची, सहीची घाईही तुमचीच."

"घाई होती. पुढच्या आठवड्यात परिषद आहे. माणसाच्या जिवंत मेंदूचा पहिला निकाल मांडायचा होता." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं पानासारखी थरथरत होती. "पण बाई, या हातांनी मी दहा वर्षांत वजनकाटा धरलेला नाही. चहाचा कप बशीत नीट ठेवता येत नाही. जळतो मी तिच्यावर, नाही म्हणत नाही. म्हणून पोरीचा तुकडा मारेन?"

बाईंनी त्या हातांकडे पाहिलं. असं थरथरणं नाटकात जमत नाही.

काचसामान धुवायच्या खोलीत तंत्रज्ञ भेटला. पन्नाशीचा, अबोल, अंगावर इस्त्रीचा पांढरा कोट. अठरा वर्षं इथली सगळी वजनंमापं त्याच्याकडे, म्हणून त्याला तराजू म्हणत. त्यानं मोजलेलं दुसऱ्यानं तपासायची पद्धतच नव्हती.

"काल शेवटी कोण गेलं?"

"मीच, बाई. सातला. कुलूप मी लावलं, सकाळी मीच काढलं."

"बाटलीला हात लावलास?"

"माझं कामच आहे ते. सगळ्याच बाटल्यांना हात लागतो." तो चंबू पुसत राहिला. कोरडा होता, तरी पुसत राहिला. "दुसरा अर्धा अजून चांगला आहे का हो?"

"आहे. धाकटीनं सकाळीच नवीन पाणी विरघळायला ठेवलंय. एकपर्यंत होईल."

तराजूच्या हातातला चंबू थांबला. मग तो पुन्हा पुसायला लागला.

४

सर्जन वरच्या मजल्यावर होता. बाईंचा जुना विद्यार्थी, तेव्हाही असाच उतावळा.

"बाई, मला एकच शब्द द्या. शांत की पेटती?"

"पहिला अर्धा फुकट गेला. दुसऱ्यावर बघू."

"अर्धा?" सर्जननं चष्मा काढला. "मी तर अख्खा तुकडा पाठवला होता. दोन कधी केले? मला कुणी सांगितलं नाही."

"खाली सकाळी केले. तिघांनाच ठाऊक आहे."

"बाई, उगाच घाबरवत नाही, पण कड पेटती असेल आणि आपण शांत म्हणून सोडून दिलं, तर ती पोरगी एखाद्या झोपेतून उठायची नाही."

बाहेरच्या बाकावर मुलीची आई बसली होती. मांडीवर मुलीची चप्पल. शस्त्रक्रियेला नेताना काढून दिली असेल, ती तशीच धरून. बाईंना पाहून ती उठली.

"तुम्ही खालच्या ना? तपासणीच्या?"

"हो. बस बाळ, उठू नकोस. लेक बोलकी आहे का गं?"

आईच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. "बोलकी? तोंडाला कुलूप म्हणून नाही. माणूस नसलं तर भिंतीला कोडी घालते. पहाटे भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही एक घातलं. उत्तर उठल्यावर सांगते म्हणाली." हसू विरलं. तिनं बाईंचा हात धरला. "तो दुसरा अर्धा तरी वाचेल ना हो?"

बाईंनी तिचा हात थोपटला, "बघतो आम्ही," म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या.

चार पायऱ्या उतरल्या आणि जागीच थांबल्या. तुकड्याचे दोन भाग झाले हे खुद्द सर्जनला माहीत नव्हतं. मग या माऊलीला कुणी सांगितलं?

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून धाकटी किंचाळत होती. "बाई, बुडबुडे थांबलेत! ऑक्सिजन बंद झालाय!"

५

बाई धापा टाकत पोचल्या तेव्हा धाकटी गुडघ्यांवर बसून रबरी नळी इंचाइंचानं चाचपत होती, कुठे मुडपलीय का ते पाहत. थोरले टाकीच्या काट्यावर बोट आपटत होते. टाकी भरलेली होती. बर्फातल्या भांड्यात उरलेला अर्धा तुकडा तळाशी निपचित पडला होता.

मागून तराजू आला. त्यानं नळीकडे पाहिलं नाही, टाकीकडे पाहिलं नाही. सरळ कपाटाजवळ गेला, कपाट आणि भिंत यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि काहीतरी फिरवलं. भांड्यात बुडबुडे उसळले.

"तिथे चावी आहे हे मला माहीतच नव्हतं," धाकटी म्हणाली. "किती वेळ बंद होतं, देव जाणे!"

"सहा मिनिटं," तराजू म्हणाला. आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

बाईंनी इतरांना नवीन पाण्याकडे पाठवलं, तराजूला धुण्याच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"ती तुझी कोण?"

तराजूनं ओट्यावरचा चंबू पुसायला घेतला.

"मीच सांगते मग. साखरेचं पाणी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवणारा हात इथे दोघांचाच. धाकटीनं बनवलं असतं तर तुकडा मेला म्हणून तीच कशाला बोंबलली असती? गप्प राहिली असती. थोरल्यांच्या हातून चमचा सुटतो. आणि तुकडा दोन केल्याचं वरच्या आईला कळलं, ते सांगणारं खालचंच कुणी असणार. चावीचं तर तू आत्ता सगळ्यांसमोर दाखवलंस. ती तुझी कोण, ते तेवढं सांग."

"भाची," तराजू म्हणाला. "लहान बहिणीची मुलगी. आडनाव वेगळं, म्हणून इथे कुणाला पत्ता नाही. कळलं असतं तर मला या कामातून काढलं असतं."

तो ओट्याला टेकला. "बहिणीचा सकाळी फोन आला. घाबरली होती. अर्धा खराब झाला, अर्धा आहे, एवढंच बोललो. तिला यातलं काही माहीत नाही, बाई. तिला यात ओढू नका."

"शांत असा निकाल हवा होता तुला."

"सर्जन म्हणाला होता, पुढचं कापलं तर बोलणं जाईल. ती दिवसभर बोलते हो! मला दारात चप्पल काढू देत नाही, आधी कोडं सोडव म्हणते. बोलणं गेल्यावर त्या पोरीचं काय उरतं? म्हटलं, पेशी गप्प दिसल्या की सगळे शांत म्हणतील. थोरले तर लगेच म्हणाले. फिट काय, गोळ्यांनी आवरतील कधीतरी."

"आणि झोपेत श्वास अडकला तर?"

तराजूनं डोळे मिटले. "चावी बंद केली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. घड्याळ बघत होतो. सहाव्या मिनिटाला वाटलं, हाही तिचाच आहे. हाही जिवंत आहे. नाही झालं मग."

बाईंच्या मनात राग होता, पण तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. तरुणपणी एका घाबरट बापाच्या डोळ्यांकडे बघून त्यांनीही एकदा अंधुक काचपट्टीवर "ठीक" असं लिहिलं होतं. तो मुलगा पुढे वर्षभरच जगला.

"चल," त्या म्हणाल्या. "तू पण बघायचंस."

६

दुपारी दोनला उरलेला अर्धा नव्या पाण्यात आरपार झाला. खोलीत अंधार, पडद्यावर राखाडी धुकं. सर्जन खाली आला होता.

पहिली दोन मिनिटं काहीच नाही. धाकटीनं तोंडावर हात दाबला.

मग एक हिरवा ठिपका लुकलुकला. दुसऱ्या टोकाला आणखी एक. थोड्या वेळानं सगळ्या गावात तुरळक दिवे लागायला लागले, कुणी लावतंय, कुणी मालवतंय.

"जिवंत आहे," थोरले पुटपुटले. त्यांच्या आवाजात मत्सर नव्हता.

"बाहेरची कड बघ," सर्जन म्हणाला.

बाहेरची कड शांत होती. खरीखुरी शांत. कूस बदलणारी, श्वास घेणारी. तराजूच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. सर्जननं त्याच्याकडे आश्चर्यानं पाहिलं.

आणि तेव्हाच पडद्याच्या डाव्या अंगाला सगळे दिवे एकदम पेटले. एका दमात, हजारभर. हिरवी लाट आत धावत आली, निम्म्यात विरली. अर्ध्या मिनिटानं पुन्हा. तीच बाजू.

"डावीकडे काय आहे?" सर्जननं विचारलं.

"सकाळी मी कापलं ती बाजू," धाकटी म्हणाली. "तिथेच पहिला अर्धा जोडलेला होता. बोलण्याकडचा."

"म्हणजे रोग तिकडे गेलाय. किती दूर? केसभर की बोटभर? केसभर असेल तर मी बोलण्याच्या भागाला हात न लावता तेवढं खरवडून काढीन."

धाकटीनं मान खाली घातली. सर्जन बाईंकडे वळला.

"ते त्या अर्ध्यात लिहिलेलं होतं," बाई म्हणाल्या. "तो सकाळीच मेला."

"मग मला अंदाजानं कापावं लागेल. आणि अंदाजानं कापताना मी कमी कापू शकत नाही, बाई. पुन्हा तिसऱ्यांदा डोकं उघडता येणार नाही."

तराजू पडद्यासमोर उभा होता. लाट येत होती, विरत होती, पुन्हा येत होती. हिरवा उजेड त्याच्या पांढऱ्या कोटावर पडत होता. दर वेळी तो पाऊल मागे घेत होता आणि शेवटी भिंतीला टेकला.

बाईंनी त्याच खोलीत अहवाल लिहिला. बाहेरच्या बाजूची कड शांत, आतल्या बाजूची पेटती, तिथून पुढे माहीत नाही. का माहीत नाही, तेही लिहिलं. एक शब्द गाळला नाही. मग कागद तराजूपुढे धरला.

"हे तुझ्या बहिणीला सर्जन सांगेल," त्या म्हणाल्या, "नाहीतर तू सांगशील. दहा मिनिटं देते."

तो वर गेला. बाई जिन्याच्या तळाशी काठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वरून आधी त्याचा आवाज आला, हळू, बराच वेळ. मग काहीच नाही. रडणं नाही, ओरडणं नाही. नुसती चप्पल फरशीवर पडल्याचा आवाज आला.

७

दुसरी शस्त्रक्रिया दोन दिवसांनी झाली. सर्जननं बोटभर कापलं. फिट थांबल्या त्या थांबल्याच. तराजूनं चौकशीत सगळं कबूल केलं आणि नोकरी गेली. थोरल्यांनी परिषदेत धाकटीला उभं केलं आणि स्वतः मागच्या रांगेत बसले.

तीन महिन्यांनी आई मुलीला घेऊन बाईंच्या काचपट्ट्यांच्या खोलीत आली. मुलीचे केस बोटभर वाढले होते, गाल भरले होते. रात्री शांत झोपते, आई म्हणाली. मुलगी टेबलावरच्या वस्तूंकडे बघत होती. पेन, चष्मा, काचपट्ट्या. ओठ हलायचे, कपाळाला आठी पडायची, आणि शब्द दाराशी येऊन परत जायचा. बाईंनी तिच्यापुढे सूक्ष्मदर्शक सरकवला. तिनं डोळा लावला, खूप वेळ पाहिलं, मग मान वर करून आईकडे वळली.

"मामा?" ती म्हणाली. स्पष्ट, एका दमात.

"एवढं एकच पहिल्या दिवसापासून नीट येतं," आई म्हणाली. "रोज विचारते. मी त्याला घरात येऊ दिलेलं नाही. तो कोपऱ्यावर येऊन उभा राहतो, मी खिडकी लावून घेते." ती बाईंकडे बघत राहिली. "तुम्ही सांगा, बाई. काय करू?"

मुलगी खुर्चीवरून उतरली, दारापाशी गेली आणि बाहेरच्या लांबलचक रिकाम्या व्हरांड्यात डोकावून तिनं पुन्हा हाक मारली.